फॅलो, म्हणजे माशांविना, ठेवलेल्या टाकीत लाइव्ह रॉकमधून मासा निघाला आहे. ओळख आणि पुढचा मार्ग सांगा

निळी_लाट

टाकी २४० लिटरची, कोरलची. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५, तापमान २५.५ अंश. माशांना इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाल्यामुळे सगळे मासे क्वारंटीन टाकीत हलवले आहेत, तिथे तांब्याचा उपचार चालू आहे. मोठ्या टाकीत फक्त कोरल, गोगलगायी आणि दोन हर्मिट खेकडे आहेत, म्हणजे फॅलो काळ चालू आहे. त्याच काळात सुमारे चार किलोचा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवांसकट येणारा समुद्री खडक, नव्याने टाकला. तो ओलाच आला होता, त्यावर जिवंत स्पंज होते आणि बार्नेकलची (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवाची) रिकामी कवचं होती.

आता त्या खडकातून एक मासा डोकावतोय. लांबी अंदाजे ३ ते ४ सेंटिमीटर, तपकिरी रंगावर गडद पट्टे किंवा डाग. कधी फिकट दिसतो, कधी जवळजवळ काळा. डोकं बोथट. पोहत नाही, खडकावर उड्या मारत सरकतो आणि चाहूल लागली की बिळात उलटा, शेपटीकडून शिरतो. माझ्या मते गोबी असावा. फोटो काढले, पण निळ्या लाइटमुळे काहीच कळत नाही.

प्रश्न दोन. हा नक्की कोण? आणि फॅलोचे दिवस मोजत होतो, त्या मोजणीचं काय?

---

खवलेमोड

आधी रंग विसरा. खडकात राहणारे छोटे मासे मूड बदलला, लाइट बदलला किंवा रात्र झाली की काही सेकंदांत रंग बदलतात आणि पिल्लांचे रंग तर मोठ्यांशी जुळतही नाहीत. 'तपकिरी, डाग असलेला' या वर्णनात निदान पाच कुळं बसतात. ओळख परांवरून होते, म्हणून खालच्या गोष्टी बघून कळवा.

पाठीवरचा पर एकच सलग आहे की दोन वेगळे? गोबीला बहुधा दोन स्वतंत्र पर असतात, मध्ये स्पष्ट फट दिसते. ब्लेनीला एकच लांब पर, डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत. मध्ये खाच असू शकते, पण तुटलेला नसतो. तीन वेगळे पर दिसले तर ट्रिपलफिन. सलग पर आहे, पण मासा अंगानं लांबट आहे आणि उड्या न मारता सरळ पोहतो, तर डॉटीबॅकचा संशय घ्या.

मग पोटाखालचे पर. इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. गोबीमध्ये हे दोन्ही पर बहुतेक वेळा जोडलेले असतात आणि त्यांची वाटी तयार होते. काचेला चिकटलेला असताना बाहेरून बघितलं की ती स्पष्ट दिसते. ब्लेनीचे पोटाखालचे पर छातीच्या परांच्याही पुढे, जवळपास गळ्याखाली असतात आणि दोन बारीक बोटांसारखे दिसतात. मासा पुढून टेकून बसलेला वाटतो तो त्यामुळे. क्लिंगफिशची चकती गोबीपेक्षा खूप मोठी, अंगावर खवले नाहीत आणि पाठीवरचा पर पार मागे शेपटीजवळ.

तिसरी गोष्ट, डोळ्यांवर किंवा टाळूवर तुरे आहेत का. ब्लेनींमध्ये ते बऱ्याचदा दिसतात, गोबीत सहसा नाहीत. हॉकफिशला तुरे पाठीवरच्या काट्यांच्या टोकांना असतात आणि त्याच्या छातीच्या परांचे खालचे काटे जाड, सुटे असतात. त्यांवर तो टेकून बसतो.

तुमच्या वर्णनातलं उड्या मारणं, बोथट डोकं आणि शेपटीकडून बिळात शिरणं हे तिन्ही ब्लेनीकडे बोट दाखवतात. बहुतेक प्रौढ ब्लेनींना वायूची पिशवी नसते, पोहणं थांबलं की ते खाली बसतात, म्हणून ती उडी. गोबीही खाली बसून असतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

फोटोबद्दल. निळे चॅनल बंद करा, फक्त पांढरे ठेवा. प्रवाहाचे पंप दहा मिनिटं थांबवा. फोनचा कॅमेरा काचेला अगदी सपाट टेकवा. तिरका धरला की काचेच्या जाडीमुळे कडा फुटतात. फोटोपेक्षा व्हिडिओ काढा आणि त्यातली चौकट निवडा. मासा बिळाच्या तोंडाशी स्थिर असतो तेव्हा वरून तिरका टॉर्च मारा, समोरून नको, नाहीतर काचेवरच चमक येते. माप कळावं म्हणून काचेवर बाहेरून पट्टी चिकटवा. अंदाजाने सांगितलेली लांबी पाण्यात नेहमी चुकते. आणि पार्श्वदृश्य हवं. वरून काढलेल्या फोटोत पोटाखालचे पर दिसत नाहीत.

खडक कुठल्या समुद्रातला आहे? हे विचारून घ्या. निम्मी यादी तिथेच गळते.

---

काटेकोर

ओळख पटेपर्यंत त्या खडकाजवळ उघडा हात घालू नका. खडकातून येणाऱ्या माशांत विंचूमाशाची पिल्लं आणि कोरल क्राउचर निघतात, दोघांच्या काट्यांत विष असतं. क्राउचर फांद्यांच्या कोरलमध्ये घुसून बसतो, जेमतेम पाच सेंटिमीटरचा, अंग दाबलेलं आणि मखमली दिसणारं, त्यामुळे लोकांना गोंडस वाटतो.

टोडफिशचीही शक्यता तपासा. रुंद चपटं डोकं, मोठं तोंड, जबड्याभोवती मिशांसारख्या झालरी आणि रात्री गुरगुरल्यासारखा आवाज. आखाती टोडफिश ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याच्या काट्यांत विष नाही, पण चावतो जोरात आणि टाकीतल्या कोळंबी-खेकड्यांचा निकाल लावतो.

काटा टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. पाण्याचं तापमान दुसऱ्या, न टोचलेल्या हातानं तपासा. टोचलेल्या हाताला भाजतंय हे कळत नाही.

---

सहज_सुचलं

एवढं कशाला? मासा तब्येतीनं चांगला दिसतोय, अंगावर ठिपके नाहीत. ठेवा की. समुद्रातून आलेला आहे, टाकीतल्या रोगाशी त्याचा संबंध काय?

---

ठिपका_शोधक

संबंध थेट आहे, म्हणून जरा सविस्तर.

इकचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या अंगावर ३ ते ७ दिवस राहतो. मग सुटतो, खडकाला, वाळूला, काचेला चिकटतो आणि भोवती कवच बांधतो. त्या कवचातून नवीन पोहणारे जीव बाहेर पडतात. बहुतेक कवचं ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या जिवाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर तो मरतो, आणि त्याची लागण करण्याची ताकद तर पहिल्या काही तासांतच उतरत जाते. फॅलोचं सगळं गणित यावर उभं आहे. मासा नसेल तर कवचातून निघालेले सगळे उपाशी मरतात. ७२ वर थोडी जास्तीची भर धरून हौशी मंडळी ७६ दिवस पाळतात.

त्यात एक मासा, तोही एक ग्रॅमचा, असला की साखळी तुटत नाही. ठिपके दिसत नाहीत याचा अर्थ परजीवी नाही असा होत नाही. कल्ल्यांत बसलेले बाहेरून दिसत नाहीत, आणि अंगावर जाड चिकट स्राव असलेल्या माशांवर थोडे परजीवी नजरेस न येता टिकतात. असा मासा स्वतः ठणठणीत असतो आणि टाकीत रोग जिवंत ठेवतो. तुमचे उपचार झालेले मासे परत आणलेत की पंधरा दिवसांत पुन्हा ठिपके, आणि मग दोष तांब्याला दिला जातो.

दुसरं म्हणजे, मासा नसता तरी मोजणी मोडलीच होती. नवीन ओल्या खडकावरून परजीवीची कवचं येऊ शकतात. फॅलोच्या काळात टाकीत शेवटची ओली वस्तू ज्या दिवशी गेली, त्या दिवसापासून ७६ मोजायचे. खडक असो, कोरलचा तुकडा असो की दुसऱ्याच्या टाकीतली गोगलगाय. इथे मासाही आहे, म्हणून मोजणी मासा बाहेर निघेल त्या दिवसापासून.

म्हणजे ओळख काहीही निघो, तुमच्या बाबतीत मासा काढायचाच आहे. पुढे परत ठेवायचा की नाही, एवढं ओळखीवर ठरेल.

---

निळी_लाट

विचारल्याप्रमाणे बघितलं. पांढऱ्या लाइटमध्ये व्हिडिओ काढला.

पाठीवरचा पर सलग, मध्यभागी किंचित खाच. पोटाखाली दोन बारीक बोटं, वाटी नाही. डोळ्यांवर छोटे तुरे आहेत. शिवाय टाळूवर, डोळ्यांच्या मधून मागे पाठीच्या परापर्यंत, केसांसारख्या तुऱ्यांची एक ओळ आहे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी पण बारीक. पट्टीवर माप ३८ मिलिमीटर. बिळ म्हणजे बार्नेकलचं रिकामं कवच. खडक मेक्सिकोच्या आखातात समुद्रात ठेवून वाढवलेला आहे असं समजलं.

काचेवरच्या शेवाळाच्या पातळ थरात बारीक चंद्रकोरीसारखे सुटे डाग दिसतायत.

---

खवलेमोड

मग फारसं काही उरलं नाही. हा ब्लेनीच, आणि टाळूच्या मध्यरेषेवरची तुऱ्यांची ओळ म्हणजे स्कार्टेला क्रिस्टाटा. हौशी लोक याला मॉली मिलर ब्लेनी म्हणतात. त्या भागात वाढवलेल्या खडकासोबत येणाऱ्या माशांत हा नेहमीचा, आणि बार्नेकलची कवचं ही त्याची आवडती जागा. किनाऱ्याजवळच्या उथळ, भरती-ओहोटीच्या पाण्यातला मासा असल्यामुळे ओल्या खडकात गुंडाळून झालेला प्रवासही सोसतो. मध्य-पाण्यातला मासा त्यात मेला असता.

त्याच भागातून येणारे आणि गोंधळ करणारे बाकीचे असे वेगळे काढता येतात. पॅराब्लेनियस मार्मोरियसला डोळ्यांवर फाटे फुटलेले तुरे असतात, पण टाळूवरची मधली ओळ नसते. हायप्ल्युरोकाइलसचंही तेच, तुरे डोळ्यांवर ठळक, टाळू मोकळी. रेडलिप ब्लेनीचं डोकं समोरून भिंतीसारखं सरळ उतरतं आणि तुरे मानेच्या दोन्ही बाजूंना असतात, मध्ये नाहीत. आणि अकँथेम्ब्लेमेरिया बार्नेकलच्या कवचातून फक्त डोकं बाहेर काढून बसतो, डोक्यावर काटेरी उंचवटे असतात, काच चाटायला बाहेर पडत नाही.

काचेवरचे डागही जुळतात. कंगव्यासारख्या बारीक दातांनी शेवाळ खरवडल्याची ती खूण. फँगब्लेनीपासून याला वेगळं काढायची सगळ्यात सोपी खूण तीच आहे. फँगब्लेनी काच खरवडत नाहीत, पाण्यात नागमोडी पोहत फिरतात. त्यांतले प्लॅजिओट्रेमससारखे दुसऱ्या माशांचे खवले आणि पर तोडून खातात. मेइआकँथस मात्र तसा नाही. तो पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो आणि खालच्या जबड्यातले विषारी सुळे बचावासाठी वापरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या विषात अफूसारखं काम करणारी प्रथिनं सापडली. त्या विषानं रक्तदाब उतरतो. गंमत म्हणून सांगितलं, तुमच्याकडचा तो नाही.

तर परत ठेवण्यालायक मासा आहे. जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर, मुख्य आहार शेवाळ, सोबत बारीक जीव. एप्टेशिया, म्हणजे टाकीत उपद्रवी ठरणारं छोटं समुद्रफूल, खातो अशी त्याची ख्याती आहे, पण त्या भरवशावर कोणी घेऊ नये, एकेक मासा खातो आणि दुसरा ढुंकूनही बघत नाही. हद्द राखतो. त्याच्याच आकाराची दुसरी ब्लेनी किंवा बिळात राहणारा छोटा गोबी असेल तर भांडणं होतील. २४० लिटरमध्ये क्लाउनफिशसारख्यांशी वाद नाही. टाकीला ६ मिलिमीटर जाळीचं झाकण मात्र लागेल. ब्लेनी उडी मारतात आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं पाणी बाहेर जातं त्या कप्प्याच्या, दात्यांतूनही सहज जातात.

---

निळी_लाट

धन्यवाद, ओळख पटली. पकडायचा कसा? खडक सिमेंटनं जोडलेला नाही. उचलून बाहेर काढू का?

---

नळीवाला

उचलू नका, निदान आधी तरी नको. या खडकावर स्पंज आहेत असं तुम्ही लिहिलंय. स्पंज हवेत आला की आत हवेचे बुडबुडे अडकतात, तो भाग मरतो आणि टाकीत अमोनिया चढतो. शिवाय हा ओहोटीच्या पाण्यातला मासा आहे. खडक पाण्याबाहेर काढला तर घाबरून बाहेर पडण्याऐवजी आणखी आत जाऊन चिकटून बसतो. बरेच जण खडक तासभर बादलीवर धरून बसतात आणि मासा तिथेच असतो.

याला घर द्या, तो स्वतःहून येतो. पद्धत अशी.

कॅनिस्टर फिल्टरची अपारदर्शक नळी घ्या, आतला व्यास १२ मिलिमीटर. ८ ते १० सेंटिमीटरचे दोन-तीन तुकडे कापा. एका टोकाला प्लॅस्टिकची बारीक जाळी सुपरग्लू जेलनं चिकटवा. पूर्ण बूच लावू नका. बूच लावलं तर आतलं पाणी शिळं होतं आणि मासा आत राहत नाही. जाळीमुळे पाणी वाहतं आणि मागची वाटही बंद राहते. व्यास महत्त्वाचा आहे. ब्लेनीला अंगाला घट्ट बसणारी जागा हवी असते, २० मिलिमीटरच्या पाइपकडे ३८ मिलिमीटरचा मासा लक्ष देत नाही. नवीन नळी रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजवून ठेवा, मग टाकीत घाला.

नळ्या त्याच्या बिळापासून हातभर अंतरावर नकोत, अगदी शेजारी ठेवा, तोंड त्याच दिशेला. तो सकाळी काच खरवडायला बाहेर पडला की बार्नेकलच्या त्या कवचात फिल्टरच्या स्पंजचा (फोमचा) तुकडा घट्ट कोंबा. आजूबाजूची दोन-तीन रिकामी कवचंही बंद करा, नाहीतर तो नळी सोडून शेजारच्या कवचात जाईल. हे काम लांब चिमट्यानं करा.

एक-दोन रात्री तो नळीत झोपतोय याची खात्री झाली की लाइट गेल्यावर तासाभरानं, टॉर्चवर लाल कागद लावून बघा. लाल उजेडाला हे मासे कमी बिचकतात. डोकं नळीच्या तोंडाशी असेल. हळू हात न्या, अंगठ्यानं तोंड बंद करा आणि पाण्याखालीच प्लॅस्टिकच्या डब्यात घाला. डबा पाण्यासकट वर काढा. नळी हवेतून नेऊ नका, जाळीच्या टोकातून पाणी गळून जातं आणि मासा आत धडपडून खरचटतो.

ही पद्धत फसते ती दोन कारणांनी. एक, मूळ बिळ उघडं राहतं. दुसरं, घाई. नळी ठेवल्यावर रोज जागा बदलली की तो तिला बिळ मानतच नाही.

बाटलीचा सापळा दुसऱ्या क्रमांकावर. एक लिटरची पारदर्शक बाटली, वरचा तिसरा भाग कापून उलटा बसवायचा. भिंतीला ४ मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं, म्हणजे आत प्राणवायू राहतो आणि वास बाहेर जातो. आत नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा आणि थोडे मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव. पण हर्मिट खेकडे आधी शिरतील, आणि दर तासाला तपासावं लागेल. रात्रभर सोडून देऊ नका.

खडक उचलणं अगदी शेवटचा उपाय. करायचंच तर टाकीतल्याच पाण्याची १५ लिटरची बादली, खडक अर्धा बुडवून बिळाचं तोंड खाली, आणि टाकीचंच पाणी मोठ्या सिरिंजनं बिळाच्या मागून हळू सोडायचं. सोडावॉटर किंवा गोडं पाणी अजिबात नको. ते मँटिस कोळंबी हुसकायला सांगतात, इथे मासा जिवंत हवा आहे आणि खडकातले जीवही.

---

ठिपका_शोधक

मासा हातात आल्यावरचं राहिलं.

तांब्याचा उपचार चालू असलेल्या टाकीत लगेच टाकू नका. तिथे तांबं पूर्ण मात्रेवर आहे. नवीन, आधीच दमलेल्या माशाला ते एकदम झेपत नाही आणि याला खायला शेवाळही मिळणार नाही. याला टँक ट्रान्सफर पद्धत बरी. खाद्यपदार्थ ठेवायला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या २० लिटरच्या दोन बादल्या घ्या. प्रत्येकीला स्वतंत्र हीटर, एअरस्टोन, पीव्हीसीचा तुकडा आणि जाळीचं झाकण. २४ तास आधी ढवळून तयार केलेलं नवीन मिठाचं पाणी, १.०२५, तापमान जुळवलेलं. मासा पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी नव्या बादलीत. दर वेळी ७२ तासांच्या आत. उशीर झाला की सुटलेल्या परजीवींची कवचं फुटायला लागतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. रिकामी झालेली बादली आणि सगळं सामान धुऊन पूर्ण कोरडं करायचं, ओलसर राहिलं तर उपयोग नाही. हलवताना जुनं पाणी जमेल तितकं कमी न्या.

ज्या नळीत मासा पकडला ती नळी बादलीत घालू नका. ती मोठ्या टाकीत होती, तिच्यावर परजीवीची कवचं असू शकतात. डब्यातच मासा नळीतून बाहेर येऊ द्या. त्याच कारणानं मोठ्या टाकीतला शेवाळाचा दगड खायला म्हणून देऊ नका.

ट्रान्सफरनं इक जातं, व्हेल्वेट हा दुसरा परजीवी रोग जात नाही. म्हणून त्यानंतर वेगळ्या छोट्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवा. व्हेल्वेट आलं तर साधारणपणे लवकर आणि झपाट्यानं दिसतं. श्वास जोरात, लाइटपासून पळणं, अंगावर बारीक भुकटीसारखा थर. तसं दिसलं तर तांबं, आणि मात्रा त्याच उत्पादनाच्या लेबलवरची. तांब्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की एकतर उपचार होत नाही किंवा मासा मरतो. मोठी टाकी ७६ दिवस रिकामीच आहे, वेळ भरपूर आहे.

---

शेवाळखाऊ

खाण्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. शेवाळ खाणाऱ्या ब्लेनी क्वारंटीनमध्ये रोगापेक्षा उपासमारीनं जास्त जातात. नोरीची ३ बाय ५ सेंटिमीटरची पट्टी क्लिपनं तळाजवळ लावा, वर नको. हा पृष्ठभागावर येऊन खात नाही. सोबत स्पिरुलिना असलेली बुडणारी बारीक गोळी. दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाका, कारण बादलीत फिल्टर नाही. अमोनिया रोज मोजा, रंग दिसला की ट्रान्सफर लवकर करा, ७२ तासांची वाट बघू नका.

बाजूनं बघून पोट तपासा. पोटाची रेषा आत वळलेली, डोक्यामागे अंग बारीक झालेलं दिसलं तर तो खाताना दिसत असला तरी पुरेसं खात नाही. ते शेवटी-शेवटी कळतं आणि तोवर उशीर होतो. खरखरीत लादीचे तुकडे वेगळ्या निर्जंतुक डब्यात लाइटखाली ठेवून शेवाळ वाढवून घेतलं तर सगळ्यात उत्तम. आत्ताच लावून ठेवा, यायला दोन आठवडे लागतात.

---

निळी_लाट

नळ्या कापून भिजत घातल्या आहेत. एक शंका. मासा एकच आहे हे कसं ठरवायचं? दुसरा लपलेला असेल तर ७६ दिवस फुकट.

---

नळीवाला

बरोबर शंका आहे, त्याच खडकात जोडी निघते. पहिला पकडल्यानंतर मागची किंवा बाजूची एक काच चुंबकी ब्रशनं पूर्ण स्वच्छ करा आणि पुढे पुसू नका. तिच्यावर पातळ थर चढू द्या. गोगलगायीची खूण सलग, नागमोडी पट्ट्यांची असते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माग काढता येतो. ब्लेनीचे ठसे सुटे, छोटे, चंद्रकोरीचे असतात, आणि बहुधा खडकाजवळच्या खालच्या भागात. दोन आठवड्यांत एकही ताजा सुटा ठसा नाही, नळ्या रिकाम्या, आणि लाल टॉर्चनं दोन-तीन रात्री बार्नेकलच्या कवचांत कोणी दिसलं नाही, तर मासा नाही असं धरा.

नळ्या या काळात जागच्या जागी ठेवा, कवचांत कोंबलेले फोमचे तुकडे मात्र काढून टाका, त्यांत घाण साचून कुजेल. आणि मोजणीचा पहिला दिवस म्हणजे पहिला मासा निघाल्याचा. ठसा दिसला तर तो दिवस पुसून दुसऱ्याच्या तारखेपासून.